देशोदेशीचा किराणा: भिलाईच्या बाजारातून भावतुलनेची रीत

भिलाई (छत्तीसगड): परदेशातील किराण्याचे भाव रुपयांत बदलून पाहिले की भारत फार स्वस्त वाटतो. तेच भाव कामाच्या तासांत मोजले, तर चित्र नेमके उलटते. देशोदेशींच्या महागाईची तुलना करताना कोणती मोजपट्टी हाती घ्यावी, हा प्रश्न म्हणूनच केवळ अर्थशास्त्रज्ञांचा राहत नाही. वेतन, महागाई भत्ता, रेशन आणि परदेशी जाऊ पाहणाऱ्या कुटुंबाचा हिशेब या सर्वांशी तो निगडित आहे. औद्योगिक कामगारांचे शहर असलेल्या भिलाईच्या उदाहरणावरून ही रीत समजून घेता येते.

भाव मोजणारे शहर

भिलाई पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला. त्या वेळी हा भाग ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याभोवती वसलेल्या नगरात देशाच्या सर्व भागांतून कुटुंबे आली आणि त्यांच्याबरोबर तांदूळ, गहू, ज्वारी, डाळी व तेले यांच्या निरनिराळ्या सवयीही आल्या.

श्रम ब्युरो औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक तयार करते. त्यासाठी देशभर निवडलेल्या केंद्रांत भिलाईचा समावेश आहे. २०१६ हे पायाभूत वर्ष मानणारी चालू मालिका ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर झाली. तिच्यात ८८ केंद्रे आणि ३१७ बाजार आहेत. त्याआधीच्या २००१ च्या मालिकेत ७८ केंद्रे होती. ठरलेल्या बाजारांतील ठरलेल्या दुकानांतून, ठरलेल्या दर्जाच्या वस्तूंचे भाव नियमितपणे नोंदले जातात. सर्व केंद्रांच्या आकड्यांतून अखिल भारतीय निर्देशांक निघतो. सार्वजनिक उपक्रमांतील औद्योगिक महागाई भत्ता त्यानुसार दर तीन महिन्यांनी बदलतो. केंद्राच्या अखत्यारीतील किमान वेतनाचा बदलता भत्ताही एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये याच निर्देशांकावरून ठरतो.

हा निर्देशांक एकाच ठिकाणचे भाव काळानुसार किती वाढले ते सांगतो. भिलाई महाग की टोकियो, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. त्यासाठी वेगळे साधन लागते.

विनिमय दराची मर्यादा

डॉलर वा येनचा बाजारातील दर हा मुख्यतः आयात-निर्यात आणि भांडवलाची ये-जा यांवरून ठरतो. गिरणीतले दळण, केशकर्तन, घरभाडे किंवा हातगाडीवरून दारात येणारी भाजी यांचा देशोदेशी व्यापार होत नाही. जेथे मजुरी कमी, तेथे अशा सेवा स्वस्त असतात. विनिमय दराने हिशेब केल्यास हा फरक सुटून जातो आणि कमी उत्पन्नाच्या देशांतील लोक वास्तवापेक्षा अधिक गरीब दिसतात.

या अडचणीवर तोडगा म्हणून १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रे आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांनी आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रम सुरू केला. अर्थशास्त्रज्ञ आयर्व्हिंग क्रॅव्हिस, ॲलन हेस्टन आणि रॉबर्ट समर्स यांचे काम त्याच्या पायाशी आहे. १९७० सालच्या पहिल्या तुलनेतील १० देशांत भारत होता. आज हा कार्यक्रम जागतिक बँकेच्या समन्वयाने चालतो.

या कार्यक्रमातून ‘क्रयशक्ती समानता’ काढली जाते. अमेरिकेत एका डॉलरला जेवढ्या वस्तू व सेवा मिळतात, तेवढ्याच भारतात घेण्यास किती रुपये लागतील, हा तिचा अर्थ. २०१७ च्या फेरीत हा आकडा २०.६५ रुपये आला. त्या वर्षी डॉलरचा सरासरी बाजारभाव ६५.१२ रुपये होता. म्हणजे भारतातील एकूण भावपातळी अमेरिकेच्या जेमतेम एकतृतीयांश होती.

सारखी वस्तू कोणती?

तुलना खरी ठरायची तर वस्तू, दर्जा आणि वजन सारखे हवे. येथेच सर्वांत मोठी अडचण येते. छत्तीसगडमध्ये उसना आणि अरवा हे तांदळाचे दोन वेगळे प्रकार मानले जातात. जपानी घरात आखूड, चिकट दाण्याचा भात लागतो, तर अमेरिकी दुकानात लांब दाण्याचा तांदूळ साधारण मानला जातो. ‘किलोभर तांदूळ’ एवढेच म्हटल्याने तुलना होत नाही.

‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाने १९८६ मध्ये ‘बिग मॅक’ या एकाच खाद्यपदार्थाच्या किमतीवरून चलनांची तुलना सुरू केली. भारतात गोमांसाचा बिग मॅक विकला जात नसल्याने येथे कोंबडीच्या मांसाचा ‘महाराजा मॅक’ घ्यावा लागतो. सोपी वाटणारी मोजपट्टीही देशाच्या सीमेवर अशी वाकते.

जगाशी जोडलेली डाळ आणि तेल

किराण्याच्या यादीतील सर्वच वस्तू स्थानिक नसतात. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. पामतेल प्रामुख्याने इंडोनेशिया व मलेशियातून, तर सूर्यफुलाचे तेल मुख्यतः रशिया आणि युक्रेनमधून येते. तूरडाळीसाठी म्यानमार व आफ्रिकेतील देशांवर, मसूरडाळीसाठी कॅनडा व ऑस्ट्रेलियावर काही अंशी अवलंबून राहावे लागते. एप्रिल २०२२ च्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली, तेव्हा त्याचे पडसाद भारताच्या बाजारातही उमटले.

उलट दिशेचा परिणामही दिसला. जगातील तांदळाच्या निर्यातीत भारताचा वाटा सुमारे ४० टक्के आहे. २० जुलै २०२३ रोजी भारताने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केल्यावर अमेरिकेतील भारतीय दुकानांत तांदळासाठी रांगा लागल्या. ही बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली.

व्यापार होणाऱ्या वस्तूंचे भाव जागतिक बाजाराकडे ओढले जातात, मजुरी मात्र तशी ओढली जात नाही. म्हणून सेवांच्या तुलनेत अन्न हे गरीब देशांत तितकेसे स्वस्त नसते.

कामाच्या तासांत भाव

एक ढोबळ हिशेब पाहता येईल. भिलाईत साधा तांदूळ हिशेबापुरता ४५ रुपये किलो धरू. अमेरिकेत लांब दाण्याचा पांढरा तांदूळ पौंडाला सुमारे एक डॉलर, म्हणजे किलोला २.२० डॉलर पडतो. डॉलर ८५ रुपयांचा धरल्यास तो १८७ रुपये होतो. जपानमध्ये २०२५ च्या वसंतात टंचाईमुळे पाच किलो तांदळाचा भाव ४,२०० येनपर्यंत गेला होता. त्या हिशेबाने किलोला ८४० येन, म्हणजे सुमारे ४९० रुपये.

आता वेतन पाहू. अमेरिकेतील संघीय किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे; अनेक राज्यांत ते याहून जास्त आहे. त्यानुसार किलोभर तांदळासाठी १८ मिनिटे काम करावे लागते. टोकियोत ऑक्टोबर २०२४ पासून किमान वेतन ताशी १,१६३ येन होते. टंचाईच्या भावातही तेथे ४३ मिनिटे पुरत. भारतात केंद्राने २०१९ मध्ये सुचविलेला किमान वेतनाचा तळ दिवसाला १७८ रुपये, म्हणजे आठ तासांच्या दिवसात ताशी सुमारे २२ रुपये आहे. त्यावर किलोभर तांदळाला दोन तास लागतात. हा तळ बंधनकारक नाही आणि अनेक राज्यांत प्रत्यक्ष दर त्याहून बरेच जास्त आहेत. मजुरी दुप्पट धरली तरी एक तास होतोच.

रुपयांत सर्वांत स्वस्त असलेला तांदूळ श्रमांत सर्वांत महाग ठरतो, तो असा.

खर्चातील वाटा आणि रेशन

जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये दाखवून दिले की उत्पन्न वाढते तसा अन्नावरील खर्चाचा वाटा घटतो. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकात खाद्यपदार्थ व पेयांचा भार २००१ च्या मालिकेत ४६.२ होता, तो २०१६ च्या मालिकेत ३९.१७ झाला. २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार देशात एकूण खर्चातील अन्नाचा वाटा ग्रामीण भागात ४७.०४ आणि शहरी भागात ३९.६८ टक्के आहे. अमेरिकेत खर्चयोग्य उत्पन्नाच्या सुमारे ११ टक्केच अन्नावर जातात, आणि त्यात बाहेरचे खाणेही आले. एक वाटा खर्चातील आणि दुसरा उत्पन्नातील असल्याने ही तुलना काटेकोर नाही. पण अंतर स्पष्ट आहे.

याच सर्वेक्षणात दरडोई मासिक खर्च छत्तीसगडमध्ये राज्यांत सर्वांत कमी आढळला: ग्रामीण भागात २,७३९ आणि शहरी भागात ४,९२७ रुपये. सिक्कीममध्ये हेच आकडे ९,३७७ आणि १३,९२७ रुपये आहेत. एकाच देशात, एकाच चलनात एवढी तफावत असल्याने ‘भारतातील किराणा’ असा एकच भाव सांगणेही अपुरे ठरते.

वरील आकड्यांत योजनांतून फुकट मिळालेले धान्य धरलेले नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखालील धान्य १ जानेवारी २०२३ पासून विनामूल्य आहे: अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य गटाला माणशी ५ किलो. छत्तीसगडने त्याआधीच २०१२ मध्ये स्वतःचा अन्न सुरक्षा कायदा केला होता. शिधापत्रिकाधारकाचा तांदळाचा खर्च त्यामुळे जवळजवळ शून्यावर येतो. डाळ, तेल, भाजी आणि दूध मात्र बाजारभावानेच घ्यावे लागतात. दुकानातील भावफलक हा फरक दाखवत नाही.

तुलना कशी करावी

परदेशातील भाव तपासताना चार गोष्टी पाहाव्यात. वस्तूचा प्रकार, दर्जा व वजन सारखे आहे काय; ती स्थानिक आहे की आयात केलेली; भावात कर, अनुदान किंवा रेशनचा भाग आहे काय; आणि ती विकत घेण्यास तेथील सामान्य कामगाराला किती वेळ काम करावे लागते. परदेशी नोकरीसाठी निघालेल्याने तेथील पगार क्रयशक्तीने तोलावा. घरी पाठवायच्या पैशांचा हिशेब मात्र विनिमय दरानेच करावा, कारण ते पैसे भारतात खर्च होणार असतात.