बंदिवान वाईट कसा ठरला?

इंग्रजींतील ‘कॅप्टिव्ह’ म्हणजे बंदिवान, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच शब्दाचा इटालियन भाऊ ‘कात्तीवो’ म्हणजे नुसता वाईट. द्वाड मूल, कुंद हवा, दुष्ट मनुष्य, सर्वांना तें एकच विशेषण चालतें. फ्रेंच ‘शेतीफ’ म्हणजे किडकिडीत, खुरटलेला. स्पॅनिश ‘काउतीवो’ मात्र अजून बंदिवानच राहिला आहे. या सर्वांचा पूर्वज एक: लॅटिन ‘काप्तीवुस’, युद्धांत धरला गेलेला. एकाच कुळांत एवढा स्वभावभेद कां पडावा?

बंदिवानाविषयीं रोमन लोकांस फारसें ममत्व नव्हतें. शत्रूच्या हातीं सांपडलेला नागरिक आपले हक्क गमावून बसे. परत आला तरच ते त्यास पुनः मिळत. ख्रिस्तपूर्व 216 सालीं कॅनीच्या लढाईंत हानिबालनें पकडलेल्या स्वतःच्याच शिपायांना पैसे भरून सोडविण्याचें रोमच्या सेनेटनें साफ नाकारलें. जिवंत हातीं लागला हाच जणूं त्यांचा अपराध!

या तिरस्कारावर पुढें धर्माचा रंग चढला. ख्रिस्ती लेखक पापी मनुष्यास सैतानाचा बंदिवान म्हणूं लागले. कालांतरानें सैतान गळाला आणि बंदिवानाच्या माथीं पाप तेवढें उरलें. चौदाव्या शतकाच्या आरंभीं दान्तेच्या काव्यांत हा शब्द दोन्ही अर्थांच्या उंबरठ्यावर उभा दिसतो. नरकाच्या दाराशीं तळमळणाऱ्या भ्याड जीवांना कवि याच शब्दानें हिणवितो. आणि पुढें ट्रॉयची राणी हेकुबा, जिचें नगर उद्ध्वस्त झालें, मुलें मारलीं गेलीं, तिलाही तोच शब्द लावतो. तेथें मात्र अर्थ बंदिवान! हेकुबेचा अर्थ इटालियन भाषेनें पुढें टाकून दिला, आणि खऱ्या कैद्यासाठीं निराळा शब्द योजिला. मला हा अन्याय वाटतो.

फ्रेंचांचें मन थोडें मऊ. त्यांचा बंदिवान आधीं दुर्दैवी झाला, मग केविलवाणा आणि शेवटीं कृश. (अरबींत ‘गरीब’ म्हणजे परका, आपल्याकडे तो निर्धन झाला आणि गाईच्या संगतीनें सौम्यही.) नॉर्मनांच्या फ्रेंचमधून इंग्रजींत शिरलेला ‘केटिफ’ मात्र नीच व भेकड ठरला, ‘कॅप्टिव्ह’ हा लॅटिनच्या वळणावर मागाहून घेतलेला शब्द.

मग स्पेनमध्येंच मूळ अर्थ कां टिकला? माझ्या मतें, तेथें बंदिवान ही पुस्तकांतली व्यक्ति नव्हती. उत्तर आफ्रिकेचे चांचे भूमध्य समुद्रांत माणसें पकडीत, आणि त्यांच्या सुटकेसाठीं द्रव्य जमविणारे साधूंचे पंथ स्पेनमध्यें होते. सर्व्हांटीस हा 1575 सालीं नेपल्सहून परततांना असाच पकडला गेला. पांच वर्षें तो अल्जीयर्समध्यें होता. पळण्याचे प्रयत्न फसले, आणि 1580 सालीं अशाच एका पंथाच्या साधूंनीं खंड भरून त्यास सोडविलें. 1605 सालच्या ‘डॉन किहोते’मध्यें त्यानें एका ‘काउतीवो’स आणलें आहे. रात्रीं जेवणें आटोपल्यावर खाणावळींतील प्रवासी त्याची हकीकत ऐकत बसतात. मध्यें एकजण त्याला अडवितोही.