चुलीच्या देवाचा खाऊ

उत्तर चीनमध्ये चांद्रवर्षाच्या बाराव्या महिन्यात तेविसाव्या दिवशी, आणि दक्षिणेत बहुधा चोविसाव्या, चुलीचा देव स्वर्गात जातो. झाओ-जुन त्याचं नाव. वर्षभर तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर कागदी चित्रात बसून घरातलं सगळं बघत असतो आणि आता जेड सम्राटाला अहवाल द्यायला निघतो. जाण्यापूर्वी त्याच्यापुढे एक चिकट मिठाई ठेवतात. कांडीसारखी असेल तर ती ‘ग्वानदोंग-थांग’, छोट्या भोपळ्यासारखी असेल तर ‘थांग-ग्वा’. अनेकदा वरून तीळ लावलेले. काहींच्या मते ती खाऊन देव गोड बोलतो. काही म्हणतात, दातच चिकटतात, मग बोलणार काय?

हा दिवस जानेवारी-फेब्रुवारीत येतो. तिळगूळ हातावर ठेवून ‘गोड बोला’ म्हणणाऱ्या आपल्याला ‘हे इथूनच गेलं’ असं वाटणारच. असे दावे करणारे मेसेज आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर रोज येतात, म्हणून हे जरा तपासून पाहावंसं वाटलं.

तिळापुरता दावा बळकट आहे. लागवडीच्या तिळाचा सर्वांत जवळचा रानटी नातेवाईक भारतात सापडतो, आणि हडप्पाच्या उत्खननात जळालेले तीळ मिळालेत. चिनी भाषेत तिळाचं जुनं नाव ‘हू-मा’. ‘हू’ म्हणजे वायव्येकडचे परके लोक. अकराव्या शतकात शन क्वो या विद्वानाने तिळाचं बी आणल्याचं श्रेय हान काळातला दूत झांग छियान याला दिलं. पण झांगच्या जवळच्या काळातला इतिहासकार स्स-मा छियान परदेशातून आलेल्या बियाण्यांत द्राक्षं आणि लसूणघास यांचीच नावं घेतो, तिळाचं नाही. चौथ्या शतकात उत्तरेत राज्य करणारा श ल स्वतः ‘हू’ गणला जाई. त्याला हा शब्द खपत नसे, म्हणून ‘हू’ लागलेल्या वस्तूंची नावं बदलली आणि तीळ लावलेल्या ‘हू-बिंग’ भाकरीची ‘मा-बिंग’ झाली असं सांगतात. पदार्थाच्या नावातून परकेपणा पुसायचा उद्योग इतका जुना आहे!

पण तीळ हा वरचा थर. खाली जे आहे त्यात ऊस नाहीच. जव किंवा गहू भिजवून मोड आणायचे, ते कुटून शिजवलेल्या बाजरीसारख्या धान्यात किंवा चिकट तांदळात मिसळायचे आणि ऊबेत ठेवायचे. मोडांमधली विकरं स्टार्च तोडून माल्टोज बनवतात. मग पाणी गाळून आटवायचं. आटलेला तपकिरी गोळा पुन्हा पुन्हा ताणला की त्यात हवा शिरून तो पांढरा होतो. सहाव्या शतकात जिया सिस्ये याने ‘छी-मिन याओ-शू’ या शेतीच्या ग्रंथात ही कृती दिली आहे. पांढऱ्या पाकासाठी मोड पांढरे असतानाच घ्यावेत, काळ्यासाठी ते हिरवे होऊ द्यावेत, इतका बारकावा त्यात आहे. थर्मामीटर नसताना रंगावरून प्रक्रिया ताब्यात ठेवणं! इंजिनिअर म्हणून मला या ओळीचं तिळाच्या प्रवासाहून जास्त कौतुक वाटतं.

उसाची विद्या मात्र चीनने भारताकडून मुद्दाम घेतली. 647 साली थांग सम्राट ताय-त्सोंग याला मगधाच्या साखरेची माहिती मिळाली, तेव्हा ती बनवण्याची रीत शिकायला त्याने माणसं पाठवली आणि यांगझोच्या उसावर प्रयोग करवले. तरी चुलीच्या देवाचा खाऊ धान्याचाच राहिला. उत्तरेच्या थंडीत ऊस होत नाही, धान्य मात्र घराघरात असतं. शिवाय माल्टोज साखरेहून कमी गोड आणि चिवट असतं, आणि या देवासाठी चिवटपणाच तर हवा.

म्हणून याला ‘चिनी तिळगूळ’ म्हणणं मला पटत नाही. बाहेरच्या गारठ्यात ही कांडी कटकन मोडते. चुलीजवळ आणली की मऊ पडून दाताला चिकटते. काही घरांत तोच पाक चित्रातल्या देवाच्या ओठांना फासतात आणि मग चित्र जाळून त्याला वर पाठवतात. नवं चित्र नववर्षाच्या सुमारास लागतं. मधले काही दिवस भिंत रिकामी असते.