सोलर बसवल्यापासून रिमोट चालेना? यंत्र बदलण्याआधी हे तपासा

छतावर सोलर बसलं, वीजबिल उतरलं. पण भर दुपारी टाकीचा वायरलेस सेन्सर मोटार बंद करत नाही, गेटचा रिमोट अगदी जवळ गेल्याशिवाय चालत नाही, असा अनुभव काही घरांत येतो. मग आधी सेल बदलले जातात, मग रिमोट, शेवटी सगळा संचच. दोष मात्र भिंतीवरच्या इन्व्हर्टरचाही असू शकतो.

असं का होतं?

पॅनेलमधून डीसी वीज येते. तिची एसी करताना इन्व्हर्टरमधले इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात. त्यातून रेडिओ लहरींची खरखर तयार होते. फिल्टर चांगला असेल तर ती आतच दबते. फिल्टर हलका असेल तर ती वायरीत उतरते आणि छतावरून खाली आलेली लांब डीसी वायर अँटेनाचं काम करते. प्लस-मायनस वायरी एकमेकींपासून लांब टाकल्या असतील तर त्रास वाढतो.

कोणत्या यंत्राला त्रास?

गेट आणि टाकीचे बरेच स्वस्त संच ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात. त्यांचा सिग्नल कमजोर असतो. रिसीव्हर इन्व्हर्टरला खेटून असेल तर तो खरखरीत हरवतो.

वाय-फाय २.४ किंवा ५ गीगाहर्ट्झवर चालतं. इन्व्हर्टरची खरखर मुख्यतः ३० मेगाहर्ट्झच्या खाली असते, त्यामुळे वाय-फायला थेट फटका कमी बसतो. तिथे आधी मध्ये पत्रा किंवा लोखंडी सांगाडा येतो का ते बघावं. सिमवर चालणाऱ्या ऑटो स्टार्टरची रेंज आणि रिचार्ज आधी तपासावा.

घरच्या घरी तपासणी

१. त्रासाची वेळ लिहून ठेवा. फक्त उन्हात त्रास आणि रात्री सगळं ठीक, तर संशय सोलरवर.
२. सेलवरचा रेडिओ मीडियम वेव्हवर, स्टेशन नसलेल्या जागी लावा. इन्व्हर्टरजवळ नेल्यावर खरखर वाढते का ऐका.
३. बसवणाऱ्याने सांगितलेल्या क्रमाने इन्व्हर्टर १० मिनिटं बंद करा. रिमोट लगेच चालू लागला तर कारण सापडलं. नाही चालला तर एलईडी बल्ब आणि चार्जर एकेक करून बंद करून बघा.

उपाय

रिसीव्हर आणि त्याचा अडॅप्टर इन्व्हर्टरपासून दोन-तीन मीटर लांब न्या. बऱ्याचदा एवढ्यानेच काम भागतं. पुढचं काम बसवणाऱ्याचं: प्लस-मायनस वायरी जोडीने नेणं, अर्थिंग तपासणं, वायरींवर फेराइट रिंग घालणं. नवीन इन्व्हर्टर घेताना घरगुती वापरासाठीच्या आयईसी ६१०००-६-३ मानकाचं प्रमाणपत्र मागावं.

पीएम सूर्यघर योजनेतून सोलर बसवलं असेल तर ५ वर्षं देखभालीची जबाबदारी बसवणाऱ्याची असते. तक्रार लेखी द्या, सोबत वेळांची नोंद जोडा.

सावधान

इन्व्हर्टर बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलच्या वायरीत वीज असते. ती शेकडो व्होल्टची असू शकते. झाकण उघडू नका, डीसी कनेक्टर ओढू नका.

दुरुस्ती होईपर्यंत मोटार सेन्सरच्या भरवशावर सोडू नका. सिग्नल हरवला तर टाकी वाहते, आणि विहीर-बोअरचं पाणी संपलं तर कोरडी चालून मोटार जळते.