पोटदुखीची चिठ्ठी, दिओरचा पोशाख आणि चिनी शाई

१/ पॅरिसचे वेशरचनाकार क्रिस्तियां दिओर यांनी १९५१ मध्ये एक पोशाख सादर केला. फिकट रेशमावर काळ्या शाईची वेगवान चिनी अक्षरे छापलेली होती. पोशाखाचे नाव 'किप्रोको', म्हणजे एकाऐवजी भलतेच समजल्याने झालेला घोटाळा. हे नाव अनपेक्षितपणे सार्थ ठरले.

२/ ती अक्षरे तांग काळातील, आठव्या शतकातले सुलेखनकार झांग श्यू यांची. कोरीव शिळेवरून घेतलेल्या ठशाद्वारे ती टिकली. मजकूर काय? अचानक पोटात असह्य दुखू लागले आहे; कारण थंडी की उष्णता हे कळत नाही; रेवाचिनीचा काढा घ्यावा म्हणतो. (काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी रेवाचिनी याच कुळातली.)

३/ मात्र दिओर यांना हसण्यात अर्थ नाही. चीनमध्येही ही चिठ्ठी जपली गेली ती मजकुरासाठी नव्हे, तर कुंचल्याच्या गतीसाठी. मद्याच्या धुंदीत झांग श्यू स्वतःचे केस शाईत बुडवून लिहीत, अशी आख्यायिका आहे.

४/ अक्षरांचा कुंचला आणि शाई हीच चित्रकाराचीही साधने. ८४७ च्या सुमारास झांग यानयुआन या कलेतिहासकाराने शाई नीट हाताळली तर तिच्यातच पाचही रंग सापडतात, असे मत मांडले. पाण्याच्या प्रमाणाने काळ्याच्या असंख्य छटा उमटतात. दक्षिण सोंग दरबारातील मा युआनची चित्रे एका कोपऱ्यात एकवटतात. उरलेली कोरी जागा धुके होते, नदी होते.

५/ कापडाची खरी अडचण येथेच आहे. जाळीच्या छपाईत प्रत्येक छटेसाठी वेगळी जाळी लागते, त्यामुळे ठळक रेघ उतरते, पण विरत जाणारी शाई हरवते. १९९० च्या दशकापासून रुळू लागलेल्या डिजिटल छपाईने ती ओली कड रेशमावर आणली. तरीही एकच नक्षी थानभर पुन्हा पुन्हा छापली, तर रिकामी जागा उरतेच कोठे? म्हणून जाणता रचनाकार कापडाचा प्रत्येक तुकडा बेतून छापतो: डोंगर घेरापाशी, छाती कोरी, आणि शिवणीवर रेघ अखंड. बाजारातले बहुतेक 'शाई-शैली'चे कपडे बांबू आणि डोंगरांनी खचाखच भरलेले असतात. त्यांत शाईचा रंग आहे, शाईचा विचार नाही.

६/ रेशीम या कलेला परके नव्हतेच. १९७२ मध्ये चांगशाजवळील मावांगदुई येथे, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील एका सरदारपत्नीच्या थडग्यात रंगवलेला रेशमी पट सापडला. त्याच थडग्यात अवघ्या ४९ ग्रॅम वजनाचा झिरझिरीत झगाही होता. चित्र आणि वस्त्र तेव्हाही एकाच धाग्याचे होते.

७/ २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने चीन आणि पाश्चात्य वेशभूषा या विषयावर प्रदर्शन भरवले. आठ लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. 'किप्रोको' तेथे होताच, आणि त्यावरची पोटदुखीही आता सर्वांना ठाऊक झाली होती.