कंपनीच्या नेटवर्कवरचे अनोळखी डेटाबेस सर्व्हर: ते येतात कुठून आणि शोधायचे कसे?

२५ जानेवारी २००३, शनिवार. भारतात सकाळचे साधारण ११ वाजले होते. इंटरनेटवर एक वर्म सुटला. आकार फक्त ३७६ बाइट. दहाच मिनिटांत, ज्या संगणकांना त्याची लागण होऊ शकत होती त्यांपैकी सुमारे ९० टक्के संगणक त्याने गाठले. बाधित संगणकांचा आकडा किमान ७५ हजार होता. अमेरिकेत बँक ऑफ अमेरिकाच्या हजारो एटीएमचे व्यवहार अडकले. या वर्मचं नाव एसक्यूएल स्लॅमर.

तो मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमधल्या त्रुटीतून शिरत होता. ती त्रुटी दुरुस्त करणारा पॅच जुलै २००२ मध्येच आला होता. मग सहा महिन्यांनंतरही इतके संगणक उघडे कसे राहिले? एक मोठं कारण म्हणजे आपल्याकडे हा डेटाबेस आहे, हेच अनेकांना माहीत नव्हतं. त्याची एमएसडीई नावाची मोफत, छोटी आवृत्ती इतर सॉफ्टवेअरसोबत गुपचूप इन्स्टॉल होत असे.

आज असे सर्व्हर कुठून येतात?

मार्ग तेच आहेत. बिलिंग किंवा हजेरीचं सॉफ्टवेअर टाकलं की त्याच्यासोबत एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस येऊ शकतो. एखादा डेव्हलपर चाचणीसाठी खऱ्या ग्राहकांची माहिती स्वतःच्या लॅपटॉपवर घेतो आणि ती तिथेच राहते. नवी प्रणाली येते, पण जुना सर्व्हर कोपऱ्यात सुरूच असतो.

हा प्रश्न फक्त पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांचा नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या कनेरगाव नाक्यासारख्या गावातल्या पतसंस्थेत किंवा आडत दुकानात चार संगणक एका राउटरला जोडलेले असले, तरी तो उद्भवू शकतो.

धोका काय?

ज्याची नोंद नाही त्याला पॅच लागत नाही, त्याचा बॅकअप होत नाही आणि त्याचा पासवर्डही कुणी बदलत नाही. जानेवारी २०१७ मध्ये पासवर्डशिवाय इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसले गेले आणि त्यांच्या जागी बिटकॉइनमध्ये खंडणी मागणारी चिठ्ठी ठेवली गेली. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

शोधायचे कसे?

संगणक हे घर मानलं, तर पोर्ट म्हणजे त्याचे क्रमांक दिलेले दरवाजे. प्रत्येक डेटाबेसचा एक नेहमीचा दरवाजा असतो:

- एसक्यूएल सर्व्हर: १४३३
- ओरॅकल: १५२१
- मायएसक्यूएल: ३३०६
- पोस्टग्रेएसक्यूएल: ५४३२
- मोंगोडीबी: २७०१७

एनमॅपसारखं मोफत साधन नेटवर्कवरच्या प्रत्येक पत्त्यावर हे दरवाजे ठोठावतं. जिथून उत्तर येतं, तिथे कोणता डेटाबेस आणि कोणती आवृत्ती आहे, हेही ते बऱ्याचदा सांगतं. एसक्यूएल सर्व्हरसाठी यूडीपी १४३४ हा पोर्टही तपासावा. तिथली ब्राउझर सेवा सुरू असेल, तर त्या संगणकावर कोणकोणते एसक्यूएल सर्व्हर आहेत याची यादी ती देते. स्लॅमर याच पोर्टमधून शिरला होता.

मात्र स्कॅन करण्याआधी मालकाची किंवा व्यवस्थापनाची लेखी परवानगी घ्या. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये डोकावल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली अडचणीत येऊ शकता.

स्कॅनमध्ये न दिसणारे

एका स्कॅनवर विसंबू नका. फायरवॉल उत्तर अडवतो. काही डेटाबेस वेगळ्याच पोर्टवर चालतात. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस तर मुळात नेटवर्कवरून येणारी जोडणी बंद ठेवूनच इन्स्टॉल होतो, त्यामुळे बाहेरून तो दिसतच नाही. आणि रविवारी स्कॅन केला, तर बंद असलेले लॅपटॉप सुटतात.

म्हणून प्रत्येक संगणकावरच्या सुरू सेवा आणि इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमची यादी काढा. लेखा विभागाकडून सॉफ्टवेअरची आणि क्लाउडची बिलं मागवा. ज्याचे पैसे दर महिन्याला जातात, ते कुठेतरी चालू असतंच.

सापडल्यावर काय करायचं?

लगेच बंद करू नका. पगाराचं किंवा बिलाचं काम त्यावरच चालत असेल, तर ते ठप्प होईल. आधी तो कोण वापरतं, त्यात कोणती माहिती आहे आणि जबाबदारी कुणाची, हे लिहून काढा. बॅकअप घ्या. गरज असेल तर पॅच लावा, पासवर्ड बदला आणि जोडणी फक्त ठरावीक संगणकांपुरती ठेवा. गरज नसेल तर माहिती जपून सर्व्हर काढून टाका.

यादी एकदा केली की काम संपत नाही. नवं सॉफ्टवेअर आलं की नवा डेटाबेसही आलेला असू शकतो. त्यामुळे दर तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून जुन्या यादीशी ताडून पाहा. जो सर्व्हर यादीत नव्हता आणि आता दिसतोय, त्याची चौकशी सगळ्यात आधी करा.