गरोदरपणात आईला कोरोना झाला तर तो बाळालाही होतो का?

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की गरोदर बाई स्वतःबद्दल काही विचारतच नाही. "डॉक्टर, बाळाला काही होणार नाही ना?" हाच तिचा पहिला प्रश्न असतो, आणि सोबत आलेल्या नवऱ्याचा किंवा सासूबाईंचाही तोच. म्हणून उत्तर आधीच सांगते. पोटातल्या बाळाला आईकडून कोरोनाची लागण होऊ शकते, पण असं क्वचितच घडतं. कोरोना झालेल्या आयांच्या हजारो बाळांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा शंभरांतल्या जेमतेम दोन बाळांची चाचणी पॉझिटिव्ह आली. त्यांतल्याही अनेकांना लागण पोटात झाली की जन्मल्यावर, हे ठरवता आलं नाही.

मग काळजीचं कारणच नाही का? आहे, पण ते बहुतेक घरांत समजतात त्याहून वेगळं आहे.

लागण कधी होऊ शकते?

विषाणू बाळापर्यंत तीन वेळी पोचू शकतो: गर्भाशयात असताना वारेतून, प्रसूती होत असताना, किंवा जन्मानंतर आईच्या अथवा घरातल्या कुणाच्या खोकल्या-शिंकेतून. शेवटची वाट सगळ्यांत सोपी. तिथे मास्क आणि हात धुणं कामाला येतं.

जन्मल्याबरोबर घेतलेला बाळाचा एकच स्वॅब पॉझिटिव्ह आला म्हणून पोटात लागण झाली असं म्हणता येत नाही. बाळाच्या नाकातोंडाला लागलेला आईचा विषाणूही चाचणीत सापडू शकतो. म्हणून साधारण २४ तासांनी आणि गरज वाटल्यास ४८ तासांनी चाचणी करतात. बाळाच्या रक्तातल्या अँटिबॉडीवरूनही लगेच निष्कर्ष काढू नका. 'आयजीजी' प्रकारच्या अँटिबॉडी आईकडून वारेतून बाळाला मिळतात. त्या आजाराचा नव्हे, आईने दिलेल्या संरक्षणाचा पुरावा असतात.

पुण्यातलं आणि पॅरिसजवळचं बाळ

पोटातच लागण झाल्याचं भारतातलं पहिलं उदाहरण पुण्याच्या ससून रुग्णालयातल्या डॉक्टरांनी जुलै २०२० मध्ये जाहीर केलं. प्रसूतीच्या आठवडाभर आधी आईला ताप येऊन गेला होता, पण तिची स्वॅब चाचणी निगेटिव्ह होती. बाळाच्या नाकातला स्वॅब, नाळ आणि वार या तिन्ही ठिकाणी मात्र विषाणू सापडला. दोन-तीन दिवसांत बाळाला ताप आला, प्रकृती गंभीर झाली. सुमारे तीन आठवड्यांच्या उपचारांनंतर ते बरं होऊन आईसोबत घरी गेलं. म्हणून गरोदरपणात ताप येऊन गेला असेल तर रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी डॉक्टरांना जरूर सांगा.

त्याच महिन्यात पॅरिसजवळच्या क्लामार इथल्या डॉक्टरांनी एका बाळाचा अहवाल प्रसिद्ध केला. तिथे आईचं रक्त, गर्भजल आणि वार यांतल्या विषाणूचं प्रमाण मोजलं होतं. सर्वांत जास्त विषाणू वारेत होता. म्हणजे तो तिथे नुसता पोचला नव्हता, वाढतही होता. त्या बाळाच्या मेंदूवर सुरुवातीला परिणाम दिसला, पण तेही सावरलं.

हे क्वचित का घडतं, याचं कारणही वारेतच आहे. हा मुळात श्वसनमार्गाचा विषाणू. तो रक्तात फारसा उतरत नाही, त्यामुळे वारेपर्यंत पोचण्याची संधी कमी. शिवाय पेशीत शिरायला त्याला जी दोन प्रथिनं लागतात, ती एकत्र असलेल्या पेशी वारेत थोड्याच असतात. रुबेला किंवा झिकाने बाळात जसं ठरावीक जन्मजात व्यंग येतं, तसं कोरोनामुळे येत असल्याचं आढळलेलं नाही. तिसऱ्या महिन्यात कोरोना झाला म्हणून गर्भपात करावा का, असं विचारणारी जोडपी मी पाहिली आहेत. केवळ त्या कारणासाठी तसं करायची गरज नाही.

खरी काळजी आईची

पोटातल्या बाळाला कोरोनाचा फटका बसतो तो बहुतेक वेळा लागणीने नाही, तर आईच्या आजारपणामुळे. गरोदर स्त्रीला कोरोना झाला तर अतिदक्षता विभागात दाखल व्हावं लागण्याचा धोका तिच्याच वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा जास्त असतो. मधुमेह, उच्च रक्तदाब, लठ्ठपणा किंवा पस्तिशीपुढचं वय असेल तर तो आणखी वाढतो. आईचा ऑक्सिजन उतरला की बाळाचाही उतरतो. वेळेआधी प्रसूती होण्याची आणि बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागण्याची शक्यता त्यामुळे वाढते.

आयसीएमआरने जून २०२१ मध्ये गरोदर आणि बाळंत स्त्रियांच्या दोन लाटांची तुलना जाहीर केली. पहिल्या लाटेत मृत्यूचं प्रमाण ०.७ टक्के होतं, दुसऱ्या लाटेत ते ५.७ टक्क्यांवर गेलं. तेव्हा बहुतेक गरोदर स्त्रियांचं लसीकरण झालेलं नव्हतं. आजचा आजार सहसा एवढा तीव्र नसतो, पण बाळाची काळजी करताना आईकडे दुर्लक्ष का करू नये, ते या आकड्यांवरून कळेल.

आणखी एक गोष्ट क्वचित घडते, पण माहीत असायला हवी. विषाणूमुळे वारेलाच सूज येते, तिच्यात जागोजागी फायब्रिन साचतं आणि बाळाला रक्त-ऑक्सिजन पुरेना होतो. बाळाला स्वतःला लागण न होताही ते पोटातच दगावू शकतं, आणि आईचा आजार अगदी सौम्य असतानाही असं घडलेलं आहे. म्हणून २८ आठवड्यांनंतर बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर "उद्या बघू" म्हणू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात जा.

पॉझिटिव्ह आल्यावर

ताप उतरवायला पॅरासिटामॉल चालतं. ताप अंगावर काढू नका. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका, विशेषतः पाचव्या महिन्यापासून पुढे. घरात कुणाच्या जुन्या चिठ्ठीवरच्या गोळ्या उरल्या असतील तर त्यांना हातही लावू नका. फॅविपिरावीर आणि मोल्नुपिरावीर ही औषधं गरोदरपणात बाळाला घातक ठरू शकतात, आणि डॉक्सिसायक्लिनही टाळायचं असतं.

घरी ऑक्सिमीटर असेल तर आकडा ९५ किंवा त्याहून जास्त हवा. तो खाली आला, दम लागला, छातीत दुखलं, गुंगी वाटली, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, तर लगेच दाखल व्हा. पाणी भरपूर प्या आणि दिवसभर अंथरुणाला खिळून राहू नका. गरोदरपणात रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढलेली असते आणि कोरोनाने ती आणखी वाढते. एकाच पायाच्या पोटरीत सूज आणि दुखणं असेल तर दाखवून घ्या.

बाळंतपण आणि दूध

केवळ कोरोना आहे म्हणून सिझेरियन करायची गरज नसते. आईची किंवा बाळाची प्रकृती तशी मागणी करत असेल तरच ते करतात.

सुरुवातीच्या महिन्यांत अनेक ठिकाणी आईला आणि बाळाला वेगळं ठेवत. आज जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला त्याच्या उलट आहे: आईची प्रकृती बरी असेल तर बाळ तिच्या कुशीतच राहावं. मास्क लावून, हात धुऊन दूध पाजा. दुधातून जिवंत विषाणू बाळाला गेल्याचं आढळलेलं नाही. अँटिबॉडी मात्र जातात. पहिलं घट्ट, पिवळसर चीकदूध काढून टाकायची पद्धत काही घरांत अजून आहे. कोरोना असो वा नसो, ते बाळाच्या तोंडीच जायला हवं. आई फार आजारी असेल तर दूध काढून घरातल्या निरोगी माणसाने वाटी-चमच्याने पाजावं.

लस

केंद्र सरकारने २ जुलै २०२१ रोजी गरोदर स्त्रियांना लस घेण्याची परवानगी दिली. गरोदर स्त्रियांसाठी वापरलेल्या लशींत वाढू शकणारा जिवंत कोरोना विषाणू नसतो, त्यामुळे लशीतून आईला किंवा बाळाला कोरोना होत नाही. लस घेतलेल्या आईच्या अँटिबॉडी वारेतून बाळाला मिळतात आणि पहिले काही महिने त्याला उपयोगी पडतात. तुम्हाला आता डोस हवा का, हे आधीचे डोस आणि तुमचे इतर आजार पाहून डॉक्टर ठरवतील.

घरी आल्यावर बाळ नीट ओढून दूध पीत नसेल, खूप झोपाळू वाटत असेल, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा अंग तापलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. बाकी बाळ ठीक असेल तर बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-बी या लशी आईला कोरोना झाला म्हणून पुढे ढकलू नका.