सोनगीरच्या तांबटांची घडणावळ
धुळ्याच्या उत्तरेला, मुंबई-आग्रा रस्त्यावर किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेले सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात ओळखले जाते. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, किल्ल्याचा दरारा ओसरला. हातोड्याचा आवाज मात्र राहिला.

पारंपरिक तांबटकामात पगार नसे, घडणावळ असे, आणि ती बहुधा भांड्याच्या वजनावर ठरे. हात थांबला की कमाई थांबली. पण नुसत्या वजनाच्या हिशेबाने चांगला मठार, म्हणजे ठोक्यांचा एकसारखा ठसा, बसत नाही. पत्रा तापवून नरम करायचा, मग ऐरणीवर फिरवत एकसारखे ठोके द्यायचे. त्या ठोक्यांनीच धातू घट्ट होतो आणि झळकतोही. एक ठोका तिरपा पडला, तर हंड्याच्या पोटावर तो कायमचा दिसतो. अशा कामाला मुकादमाची गरज ती काय? जाणते गिऱ्हाईक भांडे उजेडात फिरवून पाही. कारागिराला मजुरीइतकाच त्या नजरेचा धाक असे, आणि अभिमानही.

लग्नसराईत आंदणाच्या भांड्यांमुळे कामाला जोर येई. विसाव्या शतकात स्वयंपाकघरात स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम शिरले. ती भांडी यंत्रावर दाबून निघत. मठार पारखणारे गिऱ्हाईकही हळूहळू कमी झाले.